कोपरा आला की कुत्रं मान वर काढतं: एकच प्रॉब्लेम तीनदा, कारण दरवेळी वेगळं

आधी प्रॉब्लेम सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही तोच आहे का ते लगेच कळेल. कुत्रं लहान आहे, वर्षाच्या आतबाहेर, ट्रॅकिंग, म्हणजे माणूस चालून गेलेल्या वाटेचा माग हुंगत जाणं, शिकून राहिलंय. सुरुवातीच्या झेंडीपासून तीस-चाळीस पावलं एकदम नाक जमिनीला चिकटवून जातं, आपण मागे दोरी धरून मनातल्या मनात खुश, आणि मग माग जिथे काटकोनात वळतो तो कोपरा आला की मान वर, नाक हवेत, दोन गिरक्या, आणि शेवटी वळून आपल्या तोंडाकडे बघत उभं. जसं काही वास आपल्यालाच येणार आहे.

आमच्या मिरचीनं हे तीनदा केलं. एकदा ऑक्टोबरात, मग मार्चमध्ये, मग भर पावसाळ्यात जुलैत. बाहेरून पाहिलं तर तिन्ही वेळा सेम टू सेम, व्हिडिओ लावले तर तारीख पाहिल्याशिवाय ओळखू येणार नाहीत. कारण मात्र प्रत्येक वेळी निराळं निघालं, आणि लाजेची गोष्ट म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचं कारण मीच आधीच्या उपायातून तयार करून ठेवलेलं होतं.

मिरची म्हणजे आई लॅब्राडोर आणि बाप बेसा रोडकडच्या लेआउटमधला, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीतला, कोणीतरी. बापाचा पत्ता नाही, पण नागपूरच्या उन्हात टिकायची ताकद त्याच्याकडूनच आली असणार. खाण्याची हाव मात्र शंभर टक्के आईची.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. माग म्हणजे नुसता माणसाचा वास नाही. पाऊल पडतं तिथे गवत चिरडतं, माती दबते, थोडी उकरल्या जाते, त्याचा एक ताजा ओला वास सुटतो आणि त्यात आपल्या अंगाचा, बुटाचा वास मिसळतो. स्पोर्टमधल्या ट्रॅकिंगमध्ये कुत्र्यानं पावलापावलावर नाक ठेवत जायचं असतं, हवेतून वास घेऊन शॉर्टकटनं शेवटाला पोचलं तरी मार्क जातात. जर्मनीतून आलेला जो प्रकार पूर्वी शुट्झहुंड म्हणून ओळखला जायचा, मग आयपीओ झाला आणि २०१९ पासून आयजीपी म्हणतात, त्यात पहिल्या लेव्हलचा माग ३०० पावलांचा, दोन कोपरे, कुत्र्यानं शोधून दाखवायच्या मागावर टाकलेल्या दोन वस्तू, निदान २० मिनिटं जुना, १०० पैकी ७० ला पास. दोरी १० मीटरची. आणि या पहिल्या लेव्हलचा माग हँडलरनं, म्हणजे कुत्रं चालवणाऱ्यानं, स्वतःच टाकलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, माझ्या तिसऱ्या वेळच्या घोळाचं मूळ यातच आहे.

पहिली वेळ, ऑक्टोबर

मिरची सात महिन्यांची. ऑगस्टपासून पायाचं काम झालेलं होतं, म्हणजे मीटरभराचा त्रिकोण पायानं तुडवायचा, त्यात चिकनचे बारके तुकडे टाकायचे आणि तिला फक्त तिथे हुंगू द्यायचं, मग सरळ रेषेत दहा पावलं, वीस पावलं, प्रत्येक पावलाच्या ठशात एक तुकडा. पोरगी मस्त शिकली. मग पहिला कोपरा टाकला आणि मान वर.

मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच. म्हणलं लक्ष नाही, आळशी आहे, वय अडनिडं आहे, पहिल्यांदा माजावर यायचंही हेच वय, त्यामुळे डोकं ठिकाणावर नसेल. बिस्किटाऐवजी चिकन तर आधीच होतं, चिकनाऐवजी कलेजी आणली. काही फरक नाही. एक शेतकरी काका रोज सायकलवर जाताना थांबून बघायचे, एक दिवस न राहवून म्हणाले, "काहून बा, त्या कुत्र्याले माती हुंगवून राहिले?" मी समजावलं तर हसले आणि माझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "कुसळं पाह्य किती भरले."

खाली पाहतो तर मोजे, पँट, लेस, सगळं कुसळांनी भरलेलं. पावसाळा संपला की आपल्याकडच्या पडीक लेआउटमध्ये ते कुसळी गवत पिकतं, भाल्यासारखं टोक आणि मागे पिळदार शेपूट, एकदा कापडात किंवा केसात घुसलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. आता मला कोपऱ्याचं कोडं सुटलं. सरळ रेषेत मी तुडवून गेलेलो असायचो, कुसळं आडवी पडलेली, तिचं नाक ठशाच्या आतच राहायचं. कोपऱ्यावर माग पुढे दिसत नाही म्हणून तिला आजूबाजूला शोधावं लागायचं, आणि आजूबाजूला कुसळं उभी. नाक खुपसलं की टोचलं. चार-पाचदा टोचल्यावर ती शहाणी झाली आणि नाक वर ठेवून शोधायला लागली. आळशी कसली, माझ्यापेक्षा हुशार.

इथे एक गोष्ट मस्करी सोडून सांगतो. कुत्र्याला अचानक जोरजोरात शिंका सुरू झाल्या, पंजानं नाक घासायला लागलं, एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त आलं, तर कुसळ आत गेलेलं असू शकतं. घरी चिमटा घालू नका, ते अजून आत जातं. डॉक्टरकडे न्या, बहुतेक वेळा गुंगी देऊनच काढावं लागतं. मिरचीचं तेवढ्यावर गेलं नाही, पण पंजाच्या बोटांमध्ये दोन गोखरू निघाले तेही तेव्हाच पाहिलं.

उपाय सोपा होता, जागा बदलली. बुटीबोरीकडे एका मित्राचं शेत आहे, सोयाबीन निघालेलं, रब्बीसाठी नांगरलेलं रान. नांगरलेली काळी माती शिकवायला सगळ्यात चांगली, कारण आपलेच ठसे आपल्याला दिसतात, कुत्रं मागावर आहे की नाही हे अंदाजानं सांगावं लागत नाही. बाजूच्या कपाशीत मात्र तिला जाऊ दिलं नाही. फवारणी कधी झाली, कशाची झाली, आपल्याला काही माहीत नसतं. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेलीत, कुत्रं तर पानाला नाक लावून चालतं.

आणि तिचा कोपऱ्यावरचा भरवसा परत यावा म्हणून मी एक आयडिया केली, ऐन कोपऱ्यावर मूठभर चिकन ठेवायला लागलो. पंधरा दिवसात प्रॉब्लेम गायब. मी सगळ्यांना सांगत सुटलो की कोपऱ्यावर जास्त खाऊ ठेवा, कोपरा पक्का होतो. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची इथेच माफी मागतो.

दुसरी वेळ, मार्च

हिवाळा सोन्यासारखा गेला. सकाळचं दव, थंड हवा, वास जमिनीलगत धरून राहतो. मार्च आला आणि परत तेच. तीस पावलं छान, कोपरा, मान वर. यावेळी तर कोपऱ्याच्या दोन पावलं आधीच थांबायची आणि पंजा उचलून मागे सरकायची.

शेतात तेव्हा गहू उभा होता म्हणून आम्ही परत घराजवळच्या लेआउटमध्ये आलो होतो. म्हणलं झालं, परत कुसळ. पण कुसळं तर केव्हाच गळून वाऱ्यावर गेलेली, गवत पिवळं आणि आखूड. मग म्हणलं ऊन. आणि त्यात तथ्य होतंच, ते आधी सांगतो.

कुत्रं हुंगतं तेव्हा सेकंदाला पाच-सहा वेळा भराभर हवा आत-बाहेर करतं, तोंड मिटलेलं असतं. धापा टाकायला लागलं की तोंड उघडं, आणि मग ते नीट हुंगणं होत नाही. धाप आणि माग दोन्ही एकदम चालत नाही. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी आठलाच ऊन चटका देतं, जमीन सुकी, भेगा पडायला सुरुवात झालेली, चिरडायला ओलं गवतच नाही, जो थोडा वास असतो तोही ऊन आणि वारा मिळून उडवून लावतात. चाळीस पावलं म्हणजे तिची धाप सुरू व्हायची आणि नेमका तेव्हाच कोपरा यायचा. म्हणून वेळ पावणेसहाची केली, निघायच्या आधी पाणी पाजलं, माग छोटा केला. निम्मा फरक पडला. निम्माच.

उरलेला निम्मा एका सकाळी मी स्वतः गुडघ्यावर बसून कोपरा पाहिला तेव्हा कळला. माग टाकून वीस मिनिटं झाली होती आणि कोपऱ्यावरच्या चिकनावर लाल मुंग्यांची नुसती पंगत बसलेली. सरळ रेषेतल्या एकेका बारक्या तुकड्यावर दोन-चार, कोपऱ्यावरच्या मुठीवर शे-दोनशे. आणि मिरची तिथे नाक खुपसणार. नाकावर मुंगी चावल्यावर कोण परत तिथे जाईल? म्हणजे कुसळाचा भरवसा भरून काढायला ठेवलेला खाऊच आता तिला कोपऱ्याची भीती शिकवून राहिला होता. हिवाळ्यात मुंग्या कमी, म्हणून मला चार महिने पत्ता लागला नाही.

आता तुमच्याकडे हे होत असेल तर काय करायचं. कोपऱ्यावर ढीग ठेवू नका, कधीच. खाऊ कोपऱ्याच्या नंतर ठेवा, वळल्यावर तिसऱ्या-चौथ्या पावलापासून, एकेक तुकडा, म्हणजे बरोबर वळलं की पैसे मिळतात, वळायच्या जागेवर फुकट नाही. हा फरक मला फार उशिरा समजला आणि मुंग्या नसत्या तरी हेच बरोबर होतं, कारण कोपऱ्यावर ढीग खाल्ला की कुत्र्याचं काम तिथेच संपतं, ते मान वर काढून "झालं का?" विचारणारच. उन्हाळ्यात ओलं चिकन कमी, कोरडे दाणे बरे. माग दहा मिनिटांच्या वर जुना होऊ देऊ नका. आणि टाकायच्या आधी जागेवर दोन तुकडे ठेवून चहा होईपर्यंत थांबा, किती मुंग्या येतात ते दिसतंच.

एप्रिलच्या मध्यापासून आम्ही बाहेरचं ट्रॅकिंग बंदच केलं. पारा ४५ कडे जातो, नवतपा (मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस) यायचा असतो, हौस आपली आणि जीव तिचा. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर पंजेही ठेवू नयेत. जीभ लांब, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल डगमगती असं दिसलं तर सावली, अंगावर गार पाणी, पंखा आणि थेट डॉक्टर, घरी वाट पाहत बसायचं नाही. ते दोन महिने आम्ही घरात कुलरसमोर वस्तू शोधणं, वस्तू सापडली की तिच्यासमोर आडवं पडणं, आणि संध्याकाळी उशिरा ओबीडियन्स, म्हणजे आज्ञा पाळायचा सराव, असं केलं. जंप वगैरे नाही. अजिलिटीचा, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या खेळाचा, नाद असलेल्यांना सांगतो, हाडं पक्की व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, मोठ्या अंगाच्या कुत्र्याला जास्तच, तोवर काठ्या जमिनीवर ठेवूनच चालवा.

तिसरी वेळ, जुलै

या वेळेनं मला खरं रडवलं. पाऊस झालेला, गवत कोवळं हिरवं, माती ओली, हवा गार, कुसळ नाही, मुंग्या नाहीत. यापेक्षा चांगली कंडिशन नागपुरात मिळत नाही. आणि बाईसाहेब कोपऱ्यावर मान वर काढून माझ्याकडे बघून राहिल्या.

फरक एकच होता आणि तो मी आधी महत्त्वाचा मानला नाही. पहिल्या दोन वेळी ती हवेत हुंगायची, इकडेतिकडे बघायची. यावेळी ती हवेत हुंगतच नव्हती. सरळ वळून माझ्या डोळ्यात बघायची.

मी आधी वाऱ्याला दोष दिला. वाऱ्याचा दोष असतोही. वारा समोरून असेल तर पुढच्या खाऊचा वास नाकावर येतो आणि कुत्रं मान उचलतं. मागून असेल तर वास पुढे ढकलला जातो आणि कुत्रं कोपरा ओलांडून दोन-तीन मीटर पुढे जातं. बाजूनं असेल तर मागाच्या एका बाजूला सरकून समांतर चालतं. हे तपासायला मी अगरबत्ती पेटवून नेतो, धूर जिकडे जाईल तिकडे वारा, आजूबाजूचे लोक समजतात पूजा आहे. पण चार दिशांनी चार माग टाकले, चारही वेळा कोपऱ्यावर माझंच तोंड पाहिलं. म्हणजे वारा नाही.

मग माझा भाचा, दहावीतला, सुट्टीच्या दिवशी सोबत आला होता, तो मागून व्हिडिओ काढून राहिला होता. बघून म्हणाला, "मामा, कोपरा आला की तू थांबून जाते नं."

मी म्हणलं शक्यच नाही. पाहिलं तर खरंच. कोपऱ्याच्या तीन पावलं आधी माझी चाल हळू, दोरी थोडी ताणलेली, आणि खांदा, माझा स्वतःचा खांदा, जिकडे वळायचं तिकडे आधीच फिरलेला. मार्चमध्ये कोपऱ्यावरचा खाऊ काढल्यावर ती कोपरा चुकू नये म्हणून मी नकळत दोरीनं मदत करायला लागलो होतो. तिला काय, तिनं हिशेब केला. हुंगण्यापेक्षा मालकाचा खांदा वाचणं सोपं. कोपरा आला की दोरी आवळते, मग मान वर करून बघायचं, हा माणूस कुठे वळतो ते सांगतोच.

भरीस भर म्हणजे दोन महिने संध्याकाळी केलेलं ओबीडियन्स. त्यात आम्ही काय शिकवलं, तर डोळ्यात बघ, खाऊ घे. त्याच मैदानावर, त्याच पट्ट्यावर. तिनं सकाळीही तेच केलं तर चूक कोणाची?

खात्री करायला भाच्याला सांगितलं, तू माग टाक, कोपरा कुठे ते मला सांगू नको, तुझ्या फोनवर रस्ता रेकॉर्ड कर फक्त. आयजीपीत दुसऱ्या लेव्हलपासून हेच असतं, माग परक्या माणसानं टाकलेला, ४०० पावलं, ३० मिनिटं जुना, आणि तिसरीला ६०० पावलं, चार कोपरे, तासभर जुना. पहिल्या लेव्हलला माग आपलाच असल्यामुळे आपल्याला कोपरा माहीत असतो, त्यामुळे हा रोग तिथे झाकून राहतो. आमचा पहिला असा आंधळा माग म्हणजे फजितीच. मिरची कोपऱ्यावर आली, वळून माझ्याकडे बघितलं, मला काहीच माहीत नाही, मी तिच्याकडे बघितलं, अर्धा मिनिट आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे आणि भाचा मागे हसून हसून खाली बसलेला. मग तिनं उजवीकडे शोधलं. कोपरा डावीकडे होता. तेव्हा वही काढून बघितली तर आधीच्या चौदा मागांपैकी अकरा मी उजवीकडे वळवलेले. प्लॉटचा आकारच तसा, मला सवय लागलेली, तिनं तीही पाठ केली होती.

आता हे सुधरवलं कसं. ओबीडियन्सचा पट्टा वेगळा आणि ट्रॅकिंगचा हार्नेस (छातीवरचा पट्टा) वेगळा, हार्नेस चढला की माझ्याकडे बघायचे पैसे मिळत नाहीत, फक्त जमिनीतून मिळतात. दोरी सगळीकडे सारखीच सैल, पूर्ण १० मीटरला मी मागे. ती थांबली की मी थांबणार, तोंड बंद, "शोध शोध" नाही, नजर माझ्या बुटांवर. ती दोरीभर गोल फिरून शोधो, मी एक पाऊल पुढे टाकणार नाही, कारण एकतर मी कोपरा तुडवून माग खराब करीन आणि दुसरं म्हणजे मी हललो की तिला उत्तर मिळतं. पहिल्या दिवशी तिनं दोन मिनिटं वाट पाहिली. दोन मिनिटं म्हणजे किती असतात ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. मग कंटाळून नाक खाली घातलं, डावीकडे चौथ्या पावलावर तुकडा सापडला, आणि तिची शेपटी अशी फिरली की बास.

सोबत कोपरेही बदलले. काटकोन थोडे दिवस बंद, आधी नागमोडी माग, मग हळुवार वळणं, मग परत काटकोन, डावे-उजवे नाणं उडवून. आठवड्यातले दोन माग भाच्याचे, मोबदल्यात त्याला तर्री पोहे. साधारण तीन आठवडे लागले, मध्ये चार दिवस तर वाटलं उलट बिघडून राहिलं, पण ते तिचं जुनं उत्तर चालेनासं झालं म्हणून होतं.

वही ठेवा हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. फार काही नाही, तारीख, वेळ, माती की गवत, वारा कुठून, माग किती जुना, खाऊ कुठे, वळण कुठल्या बाजूला, आणि मान वर केली तेव्हा ती हवेत हुंगत होती, पंजा उचलत होती की तुमच्याकडे बघत होती. हा शेवटचा रकाना मी पहिल्या वेळी लिहीतच नव्हतो, नाहीतर जुलैतले दहा दिवस वाचले असते. आणि एका दिवशी एकच गोष्ट बदला. वेळ, जागा आणि खाऊ तिन्ही एकदम बदलले आणि कुत्रं सुधरलं तर कशानं सुधरलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, मग पुढच्या वेळी माझ्यासारखं चुकीचं औषध सगळ्या गावाला वाटत फिराल.

कुत्रं सुस्त असेल, खात नसेल, कानाच्या मागे गोचीड असतील तर मात्र वही-बिही बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासून घ्या. टिक फीवरचं कुत्रं कोपऱ्यावरच काय, झेंडीवरच बसून राहतं.

मागच्या रविवारी भाच्यानं ३०० पावलांचा माग टाकला, दोन कोपरे, पंचवीस मिनिटं जुना. पहिला कोपरा तिनं दोरीला हिसका न देता घेतला. दुसऱ्यावर दोन मीटर पुढे गेली, थांबली, मला वाटलं झालं, आता बघणार माझ्याकडे. नाही बघितलं. परत आली, डावीकडे नाक टाकलं आणि शेवटी भाच्याच्या जुन्या हातमोज्यासमोर आडवी पडली. मध्ये जिथे माग सिमेंटच्या रस्त्यावरून जातो तिथे मात्र अजूनही गडबडते, तिथली वही आत्ताशी सुरू केली आहे.